पैसे कुठे घालायचे, कुठे राखायचे: डेस्कटॉप जोडणीचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत: कमी खर्चात डेस्कटॉप जोडून घ्यायचा आणि तो सात-आठ वर्षं विनातक्रार चालवायचा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. किमती सारख्या हलतात, त्यामुळे रकमा दिलेल्या नाहीत. कुठल्या भागावर हात सैल सोडावा आणि कुठे आखडता घ्यावा, एवढंच पाहू.

प्रश्न: घरात अभ्यास, टायपिंग, एक्सेलमधले हिशेब आणि अधूनमधून फोटो एडिटिंग, एवढंच काम आहे. बजेट ठरलेलं आहे. जो तो सांगतो, ‘प्रोसेसर मोठा घ्या, बाकीचं नंतर बघू.’ हे बरोबर आहे का?

उत्तर: उलट आहे. नंतर बदलायला सोपं काय आणि अवघड काय, यावरून खर्च ठरवावा. रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटचं एक झाकण उघडून दहा मिनिटांत वाढवता येतात. मदरबोर्ड बदलायचा तर सगळं काही सुटं करावं लागतं. आणि एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) हलका निघाला तर तो एकटा जात नाही, कधी मदरबोर्ड तर कधी एसएसडी सोबत घेऊन जातो. म्हणून पहिला पैसा एसएमपीएस आणि मदरबोर्डवर, दुसरा रॅम आणि एसएसडीवर, आणि उरेल त्यात बसेल तो प्रोसेसर.

तुमच्या कामाला चार कोअर-आठ थ्रेडचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा घटक, थ्रेड म्हणजे एकाच वेळी चालणारं काम) कोअर आय३-१२१०० सुद्धा पुरतो. सात-आठ वर्षं धरून चालायचं असेल तर सहा कोअर-बारा थ्रेड घ्या: इंटेलचा कोअर आय५-१२४०० किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्याहून वरच्या प्रोसेसरचा वेग जाणवतो तो व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, शेकडो फोटो एकदम प्रोसेस करताना किंवा मोठा प्रोग्राम कंपाइल करताना. एक्सेलच्या शीटमध्ये आणि ब्राउझरच्या वीस टॅबमध्ये तो कळतही नाही, कारण तिथे गाडी अडते ती रॅमवर.

प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल (१२४००एफ) तर त्यात ग्राफिक्स नसतं. रायझन ५००० मालिकेत ‘जी’ नसलेल्या ५५०० आणि ५६०० मध्येही नसतं. असा प्रोसेसर घेतला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही, तर स्क्रीनवर काहीच येत नाही. रायझन ७००० मालिकेत बहुतेक प्रोसेसरांमध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नाही. ‘एफ’ थोडा स्वस्त पडतो हे खरं, पण उद्या ग्राफिक्स कार्ड बिघडलं तर ते दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद. घरच्या मशीनला ही बचत आम्हाला पटत नाही.

प्रश्न: एएमडीचा एएम४, एएम५ की इंटेल? कोणता सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) जास्त वर्षं चालेल?

उत्तर: आधी स्वतःला एक विचारा: चार-पाच वर्षांनी तुम्ही खरोखर कॅबिनेट उघडून प्रोसेसर बदलणार आहात का?

एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि ५००० मालिकेपर्यंत तोच सॉकेट राहिला. २०१७ च्या अनेक मदरबोर्डांवर पुढे बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५००० मालिकेतले प्रोसेसर चालले. एवढी दीर्घ साथ क्वचितच मिळते. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५ (डीडीआर४ च्या पुढच्या पिढीची) रॅम चालते, आणि किमान २०२७ पर्यंत या सॉकेटला साथ देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. इंटेलच्या एलजीए १७०० वर १२वी, १३वी आणि १४वी अशा तीन पिढ्या बसतात. २०२४ च्या ऑक्टोबरपासून नव्या मालिकेसाठी एलजीए १८५१ हा वेगळा सॉकेट आला, त्यामुळे १७०० चा रस्ता तिथे संपला.

म्हणजे पुढे प्रोसेसर बदलायची मनापासून तयारी असेल तर एएम५ घ्या, आणि आत्ता साधा सहा कोअरचा प्रोसेसर बसवा. एकदा जोडलं की हात न लावणाऱ्यांनी एएम४ किंवा डीडीआर४ वाला १७०० बोर्ड बिनधास्त घ्यावा. सॉकेटचा रस्ता संपला म्हणून मशीन मंद होत नाही. फक्त डीडीआर४ चे दिवस आता भरत आले आहेत आणि ती पुढच्या मशीनमध्ये बसणार नाही, म्हणून लागेल तेवढी रॅम सुरुवातीलाच भरून टाका.

प्रश्न: मदरबोर्ड निवडताना नेमकं काय बघायचं? सगळे सारखेच दिसतात.

उत्तर: प्रोसेसरभोवतीच्या चौकोनी काळ्या घटकांकडे बघा. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या साधारण एक-सव्वा व्होल्टवर आणणारी ही यंत्रणा, म्हणजे व्हीआरएम. त्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवलेला असेल तर बोर्ड थंड राहतो, आणि थंड बोर्ड जास्त टिकतो. ६५ वॅटच्या प्रोसेसरला एच६१० किंवा ए५२० चिपसेटचे (बोर्डवरच्या नियंत्रक चिपचे) साधे बोर्ड पुरतात. पण एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि ए५२० वर पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडी जोडायच्या वाटेची वेगवान पिढी) मिळत नाही. थोडे जास्त पैसे घालून बी७६० किंवा बी५५० घेतला, त्यात रॅमचे चार स्लॉट, दोन एम.२ (एसएसडी बसवायचे स्लॉट) आणि मागे भरपूर यूएसबी पोर्ट असतील, तर तो खर्च सात वर्षांत वसूल होतो. रंगीत दिव्यांवर एक पैसाही घालू नका. वाय-फाय नसलेला बोर्ड चालेल, ते कार्ड किंवा डोंगल लावून नंतरही घेता येतं.

एक सापळा लक्षात असू द्या. बोर्ड प्रोसेसरच्या आधी बनलेला असेल तर जुना बायोस नवा प्रोसेसर ओळखत नाही: पंखा फिरतो, डिस्प्ले मात्र येत नाही. १३व्या-१४व्या पिढीचा प्रोसेसर आणि १२व्या पिढीच्या वेळचा बोर्ड, किंवा रायझन ५००० आणि जुना बी४५०, अशा जोड्यांत हे होतं. त्यासाठी बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बरा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बायोसची फाइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने त्यात ठेवायची आणि मागच्या खूण केलेल्या यूएसबी पोर्टमध्येच तो लावायचा. बोर्डला एसएमपीएसची वीज द्यायची आणि बटण काही सेकंद दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागला की हात लावायचा नाही, तो विझेपर्यंत वीज जाता कामा नये. यासाठी प्रोसेसर किंवा रॅम बसवलेली असण्याची गरज नसते.

प्रश्न: कॅबिनेटसोबत ४५० वॅटचा एसएमपीएस मिळतोय. ग्राफिक्स कार्ड लावणार नाही. मग वेगळा कशाला घ्यायचा?

उत्तर: त्यावरचं लेबल वाचा. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट असे रकाने असतात. आजचा कॉम्प्युटर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या रकान्यातून घेतो. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. तुमच्या कामाची वीज तेवढीच. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेले ४५० वॅट बाकीचे रकाने मिळवून केलेले असतात, आणि ते रकाने कोणी फारसं वापरत नाही. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३६-३७ अँपिअर दिसतात.

हिशेब केला तर तुम्हाला वॅट फार लागणारही नाहीत. कोअर आय५-१२४०० पूर्ण ताणावर ११७ वॅटपर्यंत जातो, ५६००जी साधारण ८८ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून आणखी ४०-५० धरा. म्हणजे २१६ वॅटमध्येही हे बसतं असं कागदावर दिसेल. अडचण वॅटपेक्षा आतल्या मालाची आहे.

एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. अंदाज बांधायचा जुना नियम असा, की तापमान दर १० अंशांनी उतरलं की कपॅसिटरचं आयुष्य दुप्पट होतं. समजा कपॅसिटरवर १०५ अंशांना २००० तास लिहिलं आहे आणि आत तापमान ६५ अंश राहतं. म्हणजे ४० अंश कमी, आयुष्य १६ पट, ३२,००० तास. रोज १० तास चालवलं तरी ते आठ वर्षांच्या पुढे जातं. तोच कपॅसिटर ८५ अंशांचा असेल तर आयुष्य फक्त चौपट होतं, ८००० तास, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास. दोन्ही डब्यांवर वॅट तेच, रंग तोच. फरक आत आहे, म्हणून माहितीपत्रकात १०५ अंशांचे कपॅसिटर असल्याचं लिहिलं आहे का ते बघा.

८० प्लस या कार्यक्षमतेच्या खुणेने इथे फसायला होतं. ब्राँझ म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भारावर अनुक्रमे ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता. गोल्डला हेच ८७, ९० आणि ८७. या खुणेतून वीज किती वाया जाते ते कळतं, टिकाऊपणा कळत नाही. चाचणीही २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते, तापलेल्या कॅबिनेटमध्ये नाही. तरी खूण अजिबात नसलेल्यापेक्षा असलेला बरा, कारण तेवढी कार्यक्षमता गाठायची तर आतली रचना बरी ठेवावीच लागते. खुणेशिवाय संरक्षणांची यादी बघा: व्होल्टेज वाढलं, करंट वाढला, शॉर्ट झालं किंवा तापमान चढलं तर एसएमपीएस स्वतः बंद झाला पाहिजे. आणि वॉरंटी पाच वर्षांची मिळते का ते विचारा. एक-दोन वर्षांच्या पुढे बोलायला कंपनीच तयार नसेल, तर तुम्ही तरी भरवसा का ठेवावा?

ग्राफिक्स कार्डाशिवाय खरे ४००-४५० वॅट भरपूर. पुढे दीड-दोनशे वॅटचं कार्ड लावायचं मनात असेल तर ५५० ते ६५० वॅटचा घ्या, कारण कार्ड क्षणभर आपल्या मापापेक्षा बरंच जास्त ओढतं. एसएमपीएस कमी पडत असल्याची ओळख म्हणजे टायपिंग करताना सगळं ठीक, पण गेम सुरू केला की अर्ध्या मिनिटात मशीन धाडकन रीस्टार्ट. विंडोज पुन्हा टाकून हे बरं होत नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. मदरबोर्डकडचं टोक ठरलेलं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला कसलंही मानक नाही. कनेक्टर बसतो, पण ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट येतात आणि एसएसडी-हार्डडिस्क त्याच क्षणी जातात. दुसरी गोष्ट, एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

प्रश्न: यूपीएस असूनही लाइट गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. यूपीएस खराब आहे का?

उत्तर: तीन शक्यता. यूपीएसवरचा ६०० हा आकडा व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) असतो, वॅट त्यातून साधारण ३६० मिळतात. मॉनिटरही त्यालाच जोडला असेल तर तो धरा, आणि लेझर प्रिंटर जोडला असेल तर आधी काढा. बॅटरीला तीन ते पाच वर्षं झाली असतील तर ती संपली, यूपीएस नाही. बदलून पाहा. तिसरी शक्यता अशी, की तुमच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढणं नियंत्रित करणारी रचना) आहे आणि यूपीएस बॅटरीवर गेल्यावर साइन वेव्हऐवजी पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. काही एसएमपीएस त्या क्षणी बंद पडतात. अशा वेळी प्युअर साइन वेव्हचा यूपीएस लागतो.

प्रश्न: रॅम १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी की ८-८ च्या दोन? दुकानदार एकच घ्या म्हणतो, ‘पुढे वाढवायला जागा राहते.’

उत्तर: चार स्लॉटच्या बोर्डवर ८-८ च्या दोन. दोन पट्ट्या लावल्या की रॅम दोन वाटांनी चालते, आणि ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर तेही याच रॅमवर जगतं. ५६००जीसारख्या प्रोसेसरला एकच पट्टी लावणं म्हणजे त्याच्या ग्राफिक्सचा मोठा हिस्सा घालवणं. दोन स्लॉटच्या बोर्डवर, आणि पुढे ३२ जीबीची खात्रीच असेल, तर मात्र दुकानदाराचं म्हणणं खरं आहे.

पट्ट्या शेजारी-शेजारी खुपसू नका. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा. बोर्डवर ए२, बी२ असं छापलेलं असतं. दोन्ही बाजूंचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. नवीन मशीनला डिस्प्ले न येण्याचं एक नेहमीचं कारण अर्धवट बसलेली रॅम हेच असतं. नंतर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (एएमडीच्या डीडीआर५ ला एक्स्पो), म्हणजे रॅमचा छापील वेग लागू करणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर ३२०० च्या पट्ट्या २१३३, २४०० किंवा २६६६ वर चालत राहतात आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही येत नाही. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं काळा पडदा दिसतो. बोर्ड तेव्हा रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबलं की ते पहिल्यापासून सुरू होतं.

विंडोज टाकण्याआधी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा, आणि तरीही आली तर पट्टी परत करा. ‘एकच तर एरर आहे’ म्हणून ठेवून घेतलेली रॅम फाइली गुपचूप खराब करते, आणि ते कळतं तेव्हा बॅकअपमध्येही त्याच खराब फाइली गेलेल्या असतात.

प्रश्न: एसएसडीचे ‘राइट्स’ संपतात असं वाचलं. मग हार्डडिस्कच टिकाऊ नाही का?

उत्तर: गणित करून बघा. ५०० जीबीच्या टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) एसएसडीवर साधारण ३०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं, म्हणजे ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी. रोज २० जीबी लिहिलंत तर वर्षाला सव्वासात टेराबाइटच्या आसपास. चाळीस वर्षं लागतील. घरगुती वापरात राइट्स संपून एसएसडी सहसा जात नाही. ती गेलीच तर कंट्रोलर जाऊन जाते, तेही न खरखरता, न सांगता, म्हणून बॅकअप हवाच.

विंडोज, प्रोग्राम आणि चालू काम एसएसडीवर, जुने फोटो आणि व्हिडिओ हार्डडिस्कवर, ही विभागणी योग्य. साटा (हार्डडिस्कच्या जुन्या जोडणीची) एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी) एसएसडी ३५०० पर्यंत जाते. रोजच्या कामात या दोन्हींतला फरक हार्डडिस्क आणि एसएसडीमधल्या फरकापुढे काहीच नाही, त्यामुळे सर्वात वेगवान पीसीआयई ४.० च्या मागे लागू नका. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट) प्रकार स्वस्त असतो, पण मोठी फाइल टाकताना कॅशे संपली की वेग धपकन पडतो, कधी हार्डडिस्कच्याही खाली. १५-२० टक्के जागा नेहमी मोकळी ठेवा.

खरेदीआधी बोर्डचं मॅन्युअल बघा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी लावली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात, आणि मग लोक हार्डडिस्क मेली समजतात. तसंच एम.२ आकाराची साटा एसएसडीही मिळते. फक्त एनव्हीएमई चालणाऱ्या स्लॉटमध्ये ती व्यवस्थित बसते, पण दिसत नाही.

प्रश्न: नवीन जोडण्याऐवजी ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप घेतला तर?

उत्तर: बजेट फारच आवळलेलं असेल तर हाच मार्ग उत्तम. असे संच चांगल्या मालाचे असतात आणि वर्षानुवर्षं स्वच्छ वीज आणि थंड खोलीत चाललेले असण्याची शक्यता जास्त. पण प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा, अथवा विंडोज ११ च्या यादीतला रायझन आहे का ते बघा, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) सुद्धा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या पिढीचा संच लिनक्स टाकून वापरायचा असेल तर हा मुद्दा उरत नाही.

विकत घेण्याआधी मशीन चालू करून बायोसमध्ये जा. पासवर्ड मागितला आणि विकणाऱ्याला तो माहीत नसेल तर तिथूनच परत फिरा. विंडोज नव्याने टाकताना एखाद्या संस्थेच्या खात्याने लॉगिन करायला सांगत असेल, तरीही. घड्याळ मागे पडलेलं असेल तर काळजी नको, सीआर२०३२ बॅटरी बदलली की झालं. एसएसडी-हार्डडिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद) वाचा: रीअलोकेटेड सेक्टरचा (खराब होऊन बदललेल्या जागांचा) आकडा शून्य नसेल तर ती डिस्क बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा.

या संचांची खरी मर्यादा सुट्या भागांत आहे. बऱ्याच मॉडेलांत एसएमपीएसचा आकार आणि कनेक्टर त्या कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. मदरबोर्डही दुसऱ्या कॅबिनेटमध्ये जात नाही. सडपातळ कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्डच मावतं, तेही स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागणारं.

सुटा जुना प्रोसेसर घेणाऱ्यांना वेगळा इशारा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले जास्त वॅटचे प्रोसेसर (आय५-१३६००के आणि त्यावरचे बरेचसे) चुकीच्या व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिर होतात, हे २०२४ मध्ये उघड झालं. इंटेलने बायोसमधून दुरुस्ती दिली आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण दुरुस्तीआधी झालेली इजा अपडेटने भरून येत नाही. १२व्या पिढीला हा त्रास नाही.

प्रश्न: वेगळा कूलर घ्यावा का? कॅबिनेट काचेचं छान दिसतंय.

उत्तर: ६५ वॅटच्या प्रोसेसरला सोबत मिळणारा कूलर पुरतो. त्याच्या खाली पेस्ट लावलेलीच असते, वर आणखी थापू नका. वेगळा कूलर घेतलात तर मटारच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध, आणि तळाची पारदर्शक फिल्म आधी काढा. ती तशीच राहिली की प्रोसेसर मिनिटभरात ९५-१०० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग कमी करतो.

कॅबिनेटची समोरची बाजू जाळीची हवी. काच बाजूला चालेल, समोर नको. समोर १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा, मागे एक बाहेर टाकणारा, एवढ्यावर साधं मशीन निवांत चालतं. धूळ तीन-चार महिन्यांनी काढा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

एएम४ वाल्यांनी कूलर सरळ वर ओढू नये. सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा, बंद करून प्लग काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा आणि सुटल्यावरच उचला.

प्रश्न: सगळं जोडलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर: एचडीएमआयच्या केबलपासून. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, बोर्डला नाही. नंतर प्रोसेसरजवळचा वेगळा पॉवर कनेक्टर (४+४) बघा. २४ पिनचा मोठा लावून हा विसरला की अगदी असंच होतं. ग्राफिक्स कार्डचा ६+२ चा कनेक्टर दिसायला तसाच, पण त्याच्या तारा उलट असतात, तो इथे जबरदस्तीने घुसवू नका. मग रॅमची एकच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवून पाहा. बोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर त्यांतला कोणता अडकून राहतो ते बघा, अर्धं निदान तिथेच होतं. तरीही नाही, तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा आणि फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएसवर चालवा. बाहेर चालला तर बोर्डखाली भलत्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा स्क्रू) शॉर्ट करतोय.

प्रश्न: पुढच्या वर्षी स्वस्तातलं गेमिंग कार्ड घ्यायचं आहे. कुठलंही चालेल ना?

उत्तर: कार्ड पीसीआयईच्या किती लेन (डेटाच्या वाटा) वापरतं ते बघा. आरएक्स ६५०० एक्सटी चारच लेन वापरतं. पीसीआयई ३.० च्या बोर्डवर किंवा ५६००जी सोबत त्याला अर्धाच वेग मिळतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही. काही वर्षं टिकवायचं तर ८ जीबी मेमरी आणि निदान आठ लेनचं कार्ड घ्या.

प्रश्न: रिकामी खोकी फेकून दिली तर चालतील का?

उत्तर: एसएमपीएसचं आणि मदरबोर्डचं ठेवा. वॉरंटीत पाठवताना मॉडेल आणि सिरीयल नंबर लागतो, आणि इंटेल किंवा एएम५ बोर्डच्या सॉकेटवरचं प्लास्टिकचं काळं झाकण लावून पाठवलं नाही तर वाटेत पिना वाकतात आणि दोष तुमच्यावर येतो. न वापरलेल्या मॉड्युलर केबल एका पिशवीत घालून वर एसएमपीएसचं मॉडेल लिहा, आणि ती पिशवी त्याच खोक्यात ठेवा.